जावक क्रमांक टाकून द्या

शाळा उघडू नयेत, असं आमच्या शिक्षक संघटनेनं कधीच म्हटलं नव्हतं. कोरोनामुळे मार्च २०२० पासून मुलं घरी होती. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत घरात एकच मोबाईल, आणि तोही वडिलांबरोबर पहिल्या पाळीला कंपनीत गेलेला. दहावीतली मुलगी संध्याकाळी सातला गृहपाठाचा फोटो पाठवायची, कारण तोपर्यंत फोन तिच्या हाती येतच नसे. हे रोज बघणारी माणसं शाळा बंद ठेवा म्हणणार नाहीत.

राज्यानं २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली, पण निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. दिवाळीनंतर रुग्ण वाढतील ही भीती होतीच. नाशिक जिल्ह्यात पालकमंत्री छगन भुजबळ यांनी शाळा ४ जानेवारीपर्यंत पुढे ढकलल्या. ते सहा आठवडे आम्ही एकाच मागणीवर खर्च केले: शिक्षकाला जे काम सांगाल ते कागदावर सांगा.

बाहेरच्यांना ही मागणी किरकोळ वाटायची. एका पत्रकारानं तर विचारलं, "मॅडम, तुम्ही सॅनिटायझर मागायचं सोडून कागद काय मागताय?" त्यामागे एक घर होतं. पहिल्या लॉकडाउनमध्ये जिल्ह्यातले शिक्षक तपासणी नाक्यांवर उभे राहिले, रेशन दुकानांवर बसले, नंतर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी दारोदार फिरले. आमचे एक सर असेच नाक्यावर होते. ड्यूटी लागल्याचा निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता, नाव आणि वेळ, बस्स. सर कोरोनानं गेले. २९ मे २०२०च्या शासन निर्णयानुसार कोविडच्या कामावर असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाखांचं साहाय्य होतं. अट अशी, की रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या १४ दिवसांत तो कर्तव्यावर हजर असला पाहिजे. सरांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, प्रस्ताव दिला. कार्यालयानं नेमणुकीचा आदेश मागितला. आदेश नव्हताच. ज्या फोनवर तो निरोप आला होता, तो दवाखान्याच्या धावपळीत हरवला. सरांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शनही नाही.

शेवटी अण्णांनी, आमच्या संघटनेच्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी, नाक्यावरची वाहन नोंदवही शोधून काढली. गाडी नंबर, कुठून, कुठे, प्रवासी किती. पानंच्या पानं सरांच्या वळणदार अक्षरात. वहिनींनी त्या अक्षरावर नुसता हात फिरवला. त्या पानांच्या साक्षांकित प्रती प्रस्तावाला जोडल्या. हे सगळं ज्यानं पाहिलंय, त्याला तोंडी आदेश ऐकला की राग येतो. मला येतो.

शुक्रवार, १ जानेवारीचा दिवस त्याच रागात गेला.

सकाळी त्र्यंबक नाक्याजवळ सिव्हिलला गेले तर स्वॅब देणाऱ्या शिक्षकांची रांग. शाळा सुरू होण्याआधी द्यायचा कोरोना चाचणीचा अहवाल नोव्हेंबरातला असेल तर जानेवारीत कोण धरणार, म्हणून आमच्यातले बरेच जण पुन्हा आले होते. आरटीपीसीआरचा अहवाल सोमवारच्या आत हातात पडेल का, हीच सगळ्यांना काळजी. सिन्नर, दिंडोरीकडून पहाटे निघालेले लोकही त्यात होते. आमचे कार्यकर्ते नावं लिहून घेत होते, मधुमेह-रक्तदाबवाल्यांना पुढे काढत होते. तिथंच एक मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, मला आजपासूनच बोलावलंय. गेटवर उभं राहून टेम्परेचर घ्यायचं, ऑक्सिमीटर लावायचा, वहीत लिहायचं. पण मी सीएचबीवर आहे. मला काही झालं तर?"

सीएचबी म्हणजे घड्याळी तासिकेवरच्या शिक्षिका. जितके तास तितके पैसे. लॉकडाउनमध्ये त्यांनी मोबाईलवर गणित शिकवलं, ते तास संस्थेनं धरलेच नव्हते. आता शाळेत प्रत्यक्ष शिकवायचे विषय म्हणजे गणित, विज्ञान, इंग्रजी. बाकीचे बहुतेक ऑनलाइन. म्हणजे वर्गात सगळ्यात आधी उभं राहायचं ते याच मॅडमनी, आणि त्याआधी गेटवरही त्यांनीच. कायम शिक्षकांपैकी दोघांचे अहवाल यायचे होते, एक जण पॉझिटिव्ह. गेटवर उभं राहायला माणूस हवा होता, हे खरंच.

मी आणि आमचे एक सहकारी दुपारी त्या शाळेत गेलो. शिपाई बाक पुसत होता, एका बाकावर एक विद्यार्थी या हिशेबानं खडूनं फुल्या मारलेल्या. मुख्याध्यापक सरांनी आम्हाला चहा दिला. टेबलावर पालकांच्या संमतीपत्रांचा गठ्ठा. त्यांची अडचण मला दिसत होती: वेतनेतर अनुदान आलेलं नाही, फवारणी आणि थर्मल गनचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेले. पण आदेशाचा विषय काढला तसं म्हणाले, "मॅडम, त्यांचं नाव मस्टरवरच नाही. आदेश कशाच्या आधारे काढू?"

मी त्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "सर, पालकांकडून तुम्ही लेखी घेतलंत. शिक्षकांकडून चाचणीचा अहवाल लेखी घेताय. फक्त शिक्षकाला द्यायची वेळ आली की तोंडी का?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "संस्थेला विचारावं लागेल," आणि सचिवांना फोन लावला. फोन स्पीकरवर. सचिव आवाज न चढवता बोलत होते. "ताई, आपलीच शाळा आहे, आपलीच माणसं. कागद कशाला? उद्या काही झालं तर संस्थेवर येईल."

"उद्या काही झालं तर त्यांच्या घरावर येईल, हे मात्र तुम्ही आजच ठरवून टाकलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सहकाऱ्यांनी फोन जवळ ओढून शांतपणे सांगितलं, की आदेश नसेल तर मॅडम गेटवर उभ्या राहणार नाहीत, शिकवायला मात्र सोमवारी वेळेवर हजर असतील, आणि हे आम्ही शिक्षणाधिकारी कार्यालयाला आजच पत्रानं कळवू. शिक्षक कमी असताना गेटवर कोण, याचं उत्तर संस्थेनं द्यावं.

बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही. मग, "द्या काय द्यायचं ते. मजकूर मला आधी वाचून दाखवा."

मजकुरावर आम्ही तासभर घातला असेल. हा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण सगळं त्यातच आहे. 'शालेय कामकाजात सहकार्य करावे' असं सरांनी लिहिलं होतं. या वाक्याला कुठल्याही कार्यालयात किंमत नाही. ५० लाखांच्या त्या शासन निर्णयात जी कामं मोजली होती ती सर्वेक्षण, शोध, माग काढणे, प्रतिबंध, चाचणी, उपचार, मदतकार्य अशी. वर्गात गणित शिकवणं त्यात बसवायचं म्हटलं तर कठीण. आणि हा माझ्या मते त्या निर्णयातला सगळ्यात मोठा अन्याय होता, कारण विषाणू गेटवर थांबत नाही, वर्गातही येतो. पण गेटवरचं काम 'प्रतिबंध' आहे, हे तरी स्पष्ट लिहिता येत होतं. म्हणून मजकूर असा झाला: 'कोविड-१९ प्रतिबंधक उपाययोजनेअंतर्गत विद्यार्थ्यांचे तापमान व ऑक्सिजन पातळी तपासणे व त्याची दैनिक नोंद ठेवणे या कामी आपली नेमणूक करण्यात येत आहे.' खाली दिनांक, वेळ, कुठून कुठपर्यंत. या कामाचे तास मानधनात धरले जातील, हे वाक्य सहकाऱ्यांनी घालायला लावलं. तासिकेवरच्या शिक्षकाला या आदेशानं ५० लाखांचं संरक्षण मिळेलच, असं मी मॅडमना सांगितलं नाही. खासगी संस्थेच्या मानधनावरच्या माणसाचं काय, हे भांडण अजून लढायचं होतं. पण भांडायला हातात काहीतरी लागतं.

सरांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढे केला. मी म्हणाले, "सर, जावक क्रमांक टाकून द्या."

जावक रजिस्टर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कागदांची नोंदवही, कपाटात, किल्ली लिपिकाकडे, लिपिक सिडकोत घरी. सर म्हणाले, सोमवारी टाकू. आम्ही बसून राहिलो. जावक नसलेला आदेश नंतर केव्हाही 'आमच्या दप्तरी आढळत नाही' होतो, हे वहिनींच्या प्रस्तावानं आम्हाला शिकवलं होतं. शेवटी लिपिकदादा स्कूटरवर आले, थंडीनं कुडकुडत, जरा वैतागलेले. रजिस्टर उघडलं, क्रमांक टाकला. मग आदेश वाचून म्हणाले, "मॅडम, अस्साच एक माझ्या नावानं काढायला सांगा ना. थर्मल गनची वही मलाच सांभाळायला सांगितलीय." शिपायालाही तेच हवं होतं. त्या संध्याकाळी तीन आदेश निघाले.

मॅडमनी शाळेच्या प्रतीवर पोच दिली, आपल्या प्रतीचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला, आणि मला म्हणाल्या, "ताई, आठ वर्षं शिकवतेय इथं. माझ्या नावानं शाळेनं काढलेला हा पहिला कागद."

नावं झाकून तो मसुदा रात्री आम्ही संघटनेच्या ग्रुपवर टाकला. रविवारी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. कार्यालयात तसबिरीला हार घालून आम्ही फोन घेत बसलो. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या त्या शिक्षिकेला वंदन करताना या वर्षी मला नेहमीचं भाषण करवलं नाही. मी तो मसुदाच वाचून दाखवला. दिवसभर निफाड, येवला, नांदगावकडून विचारणा येत होत्या: वसतिगृहाच्या अधीक्षकाला काय लिहायचं, गरोदर शिक्षिकेला गेटवरून वगळायचं तर कुठल्या शब्दांत.

सोमवारी वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी मुलं कमीच आली. संमतीपत्रं भरून दिलेल्या पालकांनीही वाट पाहायची ठरवली होती. मॅडमचा अहवाल निगेटिव्ह होता. त्या गेटवर उभ्या राहिल्या आणि नंतर दहावीला त्रिकोणमिती शिकवली. ज्या शाळांनी आदेश द्यायला नकार दिला, त्यांची यादी आम्ही मंगळवारी शिक्षणाधिकारी कार्यालयात दिली आणि आमच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला.