शिंगवाला भुंगेरा सापडला!
पेनसिल्व्हेनियातल्या हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात आज अंधार पडता पडता एका पडलेल्या ओंडक्यावरच्या कडक बुरशीवर टॉर्च मारला, आणि गवसला की पठ्ठ्या! बोलिटोथेरस कॉर्नुटस. जेमतेम सेंटिमीटरभर, सालीसारखाच खडबडीत. पुढे आलेली दोन शिंगं, त्यांना खालून पिवळसर केसांची झालर. म्हणजे नर, मादीला शिंगं नसतात. बोट लागताच पाय आवळून मेल्याचं सोंग! उबदार श्वास अंगावर आला की सस्तन शिकारी समजून हा उग्र रसायन सोडतो. (हो, फुंकर घातली. राहवलंच नाही.)

फोटो, जीपीएस, सगळं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलं. आणि मंडळी, नोंद करताना बुरशीची जातही टाका हो. याचं खाणं-राहणं, अंडी घालणं सगळं तिच्यावरच; नकाशावरचा नुसता ठिपका काय कामाचा?