तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क सारखी निसटते, तर विंडोज का टाकत नाही?

अंबाजोगाईत माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतोच, "ताई, कामून एवढा जीव जाळता? विंडोज टाका अन् मोकळ्या व्हा." आजवर ऐकून घेतलं. आता सांगते.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली आहे. तिच्यावर माझी १ टीबीची बाहेरची डिस्क मधेच निसटते, म्हणजे जोडणी आपोआप तुटते, खरं आहे. शेजारच्यांच्या विंडोजवर तीच दुपारभर बिनतक्रार चालली, तेही खरं. पण तो डेस्कटॉप होता, पोर्ट मागचा होता, केबलही त्यांची होती. सगळंच एकदम बदललं, मग दोष एकट्या लिनक्सचा कसा?

लिनक्स निदान काय बिनसलं ते लिहून ठेवतं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत उणे ७१ म्हणजे यूएसबीवरच्या बोलण्यातच गडबड, उणे ११० म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. २०१९ साली मला हे वाचता येत नव्हतं. नाही, खोटं कशाला बोलू? येत होतं. मी वाचलं नाही.

त्या डिस्कवर आत्याच्या ओव्या होत्या. दळण केव्हाच गिरणीत जायचं, पण जात्याच्या खुंट्याला हात लागल्याशिवाय तिला ओवी यायची नाही. म्हणून ती रिकामं जातं ओढत गायची. सोबत गल्लीतल्या दोघी-तिघी. प्रत्येक फाइलला मी नाव दिलं होतं: कोण गातंय, कशावरची ओवी. आत्या गेली, आणि तेराव्याच्या आधी भावाला प्रत हवी होती. कॉपी चालू असताना डिस्क निसटली. परत जोडली, तर फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, सहाला लाइट जाणार. मी एफएससीके, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी दुरुस्त करणारं साधन, चालवलं आणि प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणायला सांगितलं. ते लिहीत असतानाच डिस्क पुन्हा निसटली.

उरल्या त्या फाइली लॉस्ट-फाउंडच्या फोल्डरमध्ये, जिथे दुरुस्तीत सापडलेले बेवारस तुकडे टाकले जातात, नावांच्या जागी नुसते आकडे. काही अर्ध्यातच तुटलेल्या. आत्याचा आवाज मी ओळखते. बाकीच्या आवाजांतले दोन कुणाचे, हे सांगणारं आता कुणी नाही.

नंतर स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी पाहिल्या. खराब म्हणून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे साठवणीचे छोटे भाग) शून्य, संशयित शून्य. तबकडी धडधाकट होती. आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत काढून दुरुस्ती त्या प्रतीवर करायची, हे मला ठाऊक होतं. तरी घाई केली. लाइट जाणार होती, हे कारण मी स्वतःला कितीदा दिलंय. दुसऱ्या दिवशी लाइट येणारच होती की.

पुढे आखूड केबल घेतली, स्वतःची वीज असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) घेतला. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. तबकडी फिरायला लागताना डिस्क एरवीपेक्षा जास्त वीज ओढते, म्हणून हब. डिस्कच्या डब्यातली चिप यूएएस या वेगवान पद्धतीत अडखळते की काय, म्हणून कर्नलला तिच्याशी जुन्या पद्धतीने बोलायला लावलं. निसटणं खूप कमी झालं. कशाने? हे सगळं मी एकाच संध्याकाळी केलं होतं, त्यामुळे सांगता येत नाही. म्हणजे शेजारच्यांच्या मशीनबद्दल मी जे म्हणते, तेच माझ्यावरही उलटतं.

तरी विंडोज टाकणार नाही. ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक भावाकडे लातूरला. परवा रात्री नोंदींत पुन्हा उणे ७१ दिसला. उद्या फक्त केबल बदलून पाहणार आहे.