नदी गोठली की रस्ता सुरू

आपल्याकडे शाळेचं वेळापत्रक बदलतं ते उन्हाळ्यामुळं. मार्च लागला की सोलापूरची पोरं सकाळच्या शाळेला. म्हणूनच अलास्कातल्या युपिक या आदिवासी लोकांच्या गावांचा विषय वर्गात निघाला की मुलं एक गोष्ट धरूनच चालतात: तिथं हिवाळ्यात सगळं बंद पडत असणार. तिथं घडतं ते याच्या अगदी उलट.

ही गावं युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात विखुरलेली आहेत. त्यातलं मोठं गाव बेथेल, वस्ती साधारण 6,000. तिथून अँकरेज या अलास्कातल्या मोठ्या शहराला जायला सडकच नाही. जमीन दलदलीची आणि खालची माती बारमाही गोठलेली. घराच्या उबेनं ती माती वितळली तर पाया खचतो, म्हणून घरं खांबांवर उचलून बांधतात. अशा जमिनीवर डांबरी रस्ता टिकणार कसा? पण नदी घट्ट गोठली की तीच रस्ता होते. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्या धावतात, पुढं चारचाकीही. कुस्कोक्विमवरचा बर्फ बाजूला सारून चांगल्या वर्षी 300 किलोमीटरच्या वर रस्ता मोकळा करतात. खरी कोंडी होते ती नदी गोठताना आणि फुटताना. तेव्हा होडी चालत नाही आणि स्नोमोबाइलही नाही.

बर्फाची जाडी मोजण्याचे ठोकताळे तिथल्या पोरांना ऐकून ठाऊक असतात. चालायला 4 इंच, स्नोमोबाइलला 5 ते 7, छोट्या मोटारीला 8 ते 12. हे सगळं पारदर्शक, निळसर बर्फासाठी. पांढरट बर्फात हवा आणि हिम मिसळलेलं असतं, त्याची ताकद निम्मीच धरायची. नदीच्या वळणावर किंवा ओढा मिळतो तिथं पाणी वाहतं राहतं, त्यामुळं बर्फ पातळ. हिमाचा जाड थर बसला असेल तिथंही धोका असतोच, कारण हिम गोधडीसारखं काम करतं आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. याच हिमाच्या वजनानं बर्फ दबला की फटींतून पाणी वर येतं आणि हिमाखाली न गोठता तसंच साचून राहतं. वरून काहीच दिसत नाही. उणे 25 अंशांत त्यात पाय भिजला तर बोटं गमावायची वेळ येते. म्हणून जाणती माणसं टोकदार काठीनं पुढचा बर्फ टोचत चालतात.

मुलांचा हमखास प्रश्न: डिसेंबरात तिथं सूर्य जवळजवळ 11 वाजता उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, मग दुपार कधी होते? पावणेदोनला. बेथेल 162 पश्चिम रेखांशाच्या जवळ आहे, पण घड्याळ चालतं 135 अंशांच्या वेळेवर. एका अंशाला 4 मिनिटं धरा. सोलापूरचंही असंच आहे. आपण 76 अंशांवर, प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची, म्हणून आपली मध्यान्ह साधारण 12 वाजून 26 मिनिटांनी. हे गणित फळ्यावर जरूर करून घ्या.

एवढ्या अंधारात शाळेचे दिवे म्हणजे गावाचा चौकच. खेळाचा हॉल संध्याकाळी बास्केटबॉलला, कधी युराक नाचाला. त्यात पुरुष पुढं गुडघ्यावर, बायका मागं उभ्या, आणि ताल चपट्या ढोलांचा. गावात हायस्कूल असणं मात्र भांडून मिळालेलं आहे. त्याआधी मुलांना शिकायला दूरच्या वसतिगृहांत जावं लागे, काहींना थेट ऑरेगनला. पालक आणि मुलं कोर्टात गेली, 1976 मध्ये तडजोड झाली आणि 126 गावांना हायस्कूलचा हक्क मिळाला. ऑक्टोबर 2025 च्या वादळात किपनुक गाव बुडालं तेव्हा लोकांनी आसरा घेतला तो शाळेतच. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या सीना नदीचा पूर पाहिलेल्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको.

आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या जरा आधी, 7 जानेवारीपासून, तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती गावांत स्लावीक हा नाताळचा सण सुरू होतो. दांड्यावर बसवलेला मोठा तारा फिरवत, गाणी म्हणत सगळं गाव घरोघर जातं आणि प्रत्येक घरी जेवण असतं. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांमागं चाललेल्या सोलापूरकराला यातली गर्दी आणि ऊब लगेच ओळखू येईल.

सगळ्यात जवळची वाटते ती मोजणी. युपिकमध्ये 5 म्हणजे तालिमान, त्यात ‘हात’ दडलेला आहे. 9 चा शब्द म्हणजे ‘अजून दहा झाले नाहीत’, जसं आपलं एकोणीस नि एकोणतीस. 15 म्हणजे अकीमियाक, ‘पलीकडं’, मोजणी एका पायावरून दुसऱ्या पायाकडं निघालेली. 20 म्हणजे युईनाक, हातापायांच्या बोटांसकट अख्खा माणूस. आपल्या आज्याही अजून ‘दोन ईसा’, ‘तीन ईसा’ असं विसाविसानंच मोजतात.

वर्गात करायचं तर 55 चिंचोके घ्या. पाच-पाचाचे ढीग घाला आणि चार ढिगांभोवती खडूनं एक माणूस काढा. दोन माणसं पुरी होतात आणि तीन ढीग उरतात. युपिकमध्ये म्हणायचं युईनाक माल्रुक अकीमियाक, आजीच्या भाषेत दोन ईसा नि पंधरा. मुलं सवयीनं दहाचे ढीग घालतात, तिथंच घोटाळा होतो. मग उरलेले पंधरा म्हणजे दोन हात नि एक पाय, हे दिसतच नाही. ढीग पुन्हा पाचाचे करायला लावा.