डभोई यार्ड: दुपारी तीनचा शॉर्ट सापडला

मंडळी, गुजरातमधल्या डभोईच्या नॅरोगेज यार्डाचं जे मॉडेल मी घरी करतोय, त्यातला शॉर्ट सापडला. सव्वीस दिवस छळलं त्यानं, आणि दडून बसला होता अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की झेडबी (नॅरोगेजचं वाफेचं इंजिन) लूपमध्ये, म्हणजे मेन लाइनच्या बाजूच्या रुळावर, शिरताना कमांड स्टेशन (रुळांना वीज देणारा डबा) ट्रिप होतंय, आणि बहुतेक चाकांचं बॅक-टू-बॅक, म्हणजे जोडीतल्या दोन चाकांमधलं अंतर, बिघडलंय. ते साफ चुकीचं होतं. ते वाचून कुणी आपल्या इंजिनाची चाकं खोलली असतील तर मनापासून माफ करा. चाकं ठीक आहेत, इंजिनही ठीक आहे.

लक्षणं आधी सांगतो, कारण तुमच्याकडेही हे होऊ शकतं. सकाळी सातला सगळं व्यवस्थित. प्रतापनगरच्या (वडोद्याच्या) बाजूनं गाडी येते, पूर्वेच्या पॉइंटवरून (रूळ बदलायच्या सांध्यावरून) लूपमध्ये जाते, थांबते, सुटते. रात्रीही तसंच. दुपारी दोन वाजून गेले की मात्र त्याच पॉइंटवर बीप-बीप, आणि सगळं यार्ड मेलेलं. तेही रोज नाही. ढगाळ दिवशी एकदाही नाही. कधी पॉइंट बदलल्याबरोबर, तर कधी इंजिन त्यावर चढल्यावर. शॉर्ट कायमचा असेल तर तो तासाभरात सापडतो. हा मीटर लावेपर्यंत निघून जायचा.

पहिला आठवडा मी बसच्या, म्हणजे बोर्डाखालच्या मुख्य तारांच्या, वायरिंगवर घालवला. यार्डाचे फीडर (तिथून रुळांना जाणाऱ्या तारा) एकेक करून सोडवले, निम्मं यार्ड वेगळं केलं, मग त्यातलं निम्मं. संशय पूर्वेच्या पॉइंटवर आला, पण तिथे पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली आणि मीटर गप्प. दुसऱ्या आठवड्यात फ्रॉगची (पॉइंटमध्ये दोन रूळ छेदतात त्या तुकड्याची) पोलॅरिटी बदलणारा मायक्रोस्विच काढून नवा बसवला. मायक्रोस्विच नेहमी रावपुऱ्यातल्या दुकानातून हातात घेऊन, टिकटिक ऐकून घ्यावा, ऑनलाइन दहाच्या पाकिटात मागवू नये, हे माझं ठाम मत झालंय. दहातले तीन पहिल्याच दिवशी अडकले होते. पण शॉर्टचा त्यांच्याशी संबंध नव्हता. नवा स्विच बसवला, आणि दुसऱ्या दिवशी पावणेतीनला पुन्हा बीप.

खरी दिशा दाखवली भाचीनं. सुट्टीची आली आहे, पॉइंटचे लिव्हर तीच ओढते. म्हणाली, “मामा, मेनला ठेवलं की काही होत नाही. लूपला केलं की मरतं.” मी इतके दिवस इंजिनाकडे बघत होतो, ती लिव्हरकडे बघत होती.

आता इलेक्ट्रोफ्रॉगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या फ्रॉगमधून वीज वाहते त्यांनी, जरा डोळ्यांसमोर आणा. फ्रॉगच्या पुढे दोन रूळ निघतात, एक मेनचा, एक लूपचा, आणि दोन्हींत इन्सुलेशनची फट असते. पॉइंट मेनला असेल तेव्हा फ्रॉग आणि मेनचा रूळ एकाच पोलॅरिटीचे असतात. मेनकडची फट मिटली तरी कुणाला कळणार नाही. पॉइंट लूपला केला की फ्रॉगची पोलॅरिटी उलटते, आणि मग त्याच मेनकडच्या फटीच्या दोन बाजूंना दोन विरुद्ध पोलॅरिटी समोरासमोर येतात. म्हणजे मेनकडची फट मिटली असेल तर शॉर्ट फक्त पॉइंट लूपला असताना येणार. गाडी लूपमध्ये अडत होती आणि दुखणं मेनच्या रुळात होतं.

पण फट तर मी स्वतः कटिंग डिस्कनं कापली होती. वरून बघितलं तर दिसतही होती.

दिसत होती, कारण मी सकाळी बघत होतो. मग कोपऱ्यावरच्या स्कूटर मेकॅनिककडून फीलर गेज मागून आणला, टॅपेट सेट करतात तो, फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा. त्या दिवसाच्या वहीतली नोंद अशी आहे: सकाळी सात, खोलीत २९ अंश, ०.३० मिमीची पट्टी जाते. दुपारी बारा, ३८ अंश, ०.१० ची जेमतेम जाते. दुपारी तीन, ४२ अंश, सगळ्यांत पातळ ०.०५ ची पट्टीही टेकून थांबली. भिंग लावून पाहिलं तर रुळाच्या माथ्यावर एक काळी रेघ, केसाएवढी, आणि खाली, रुळाच्या तळपायाशी, दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटलेले. भाचीला म्हटलं, लूपला कर. तिनं लिव्हर ओढला, आणि बीप! इतके दिवस ज्या आवाजानं डोकं उठायचं, तो ऐकून त्या क्षणी आम्ही दोघं नाचायचे बाकी होतो.

शेजारचे काका रेल्वेच्या पर्मनंट वे मधून, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेत. संध्याकाळी त्यांना वर गच्चीवर नेऊन वही दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि थेट विचारलं, “रूळ टाकलेस कधी?”

“उत्तरायणाच्या सुट्टीत.”

“म्हणजे ऐन थंडीत. आणि जॉइंट?”

“सगळे सोल्डर केलेत, काका. करंट नीट जावा म्हणून.”

त्यांनी बोटानं यार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. “मग याने पसरायचं कुठे?” म्हणाले, पावसाळा संपला की थंडीत आम्ही एकेक फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) उघडायचो, तेल-ग्रॅफाइट घालायचो, फटी मोजायचो. फट थंडीत मोजायची, कारण उन्हाळ्यात ती पुरणार की नाही हे तेव्हाच कळतं.

मग रात्री हिशेब मांडला. माझं यार्ड प्लायवूडच्या एका पूर्ण शीटवर आहे, म्हणजे २४४० मिमी. निकेल सिल्व्हरचा रूळ एका अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन वाढतो. जानेवारीत सकाळी रूळ टाकले तेव्हा खोलीत १५ अंश होते, आता दुपारी ४२. फरक २७ अंशांचा. गुणाकार केला तर १.१२ मिमी, दोन टोकांना वाटून प्रत्येकी ०.५६. माझ्या डिस्कची जाडी ०.६. उरले चार शतांश! गेजची सगळ्यांत पातळ पट्टी पाच शतांशांची, आणि ती गेली नव्हती. एवढीशी फट कधी तळाशी आपोआप मिटायची, तर कधी इंजिनाचं वजन पडून रूळ किंचित दबला की. म्हणूनच कधी लिव्हर ओढताच, तर कधी इंजिन चढल्यावर. ढगाळ दिवशी खोली ३५ च्या पुढे जात नाही, म्हणून तेव्हा शॉर्ट नाही. एकूण एक लक्षण जुळलं. सगळं जुळून येण्याचा असा आनंद मला या छंदात फार कमी वेळा मिळालाय.

तरी प्रश्न होता, पश्चिमेच्या टोकाला का होत नाही? तिथे बोर्डाचा जॉइंट आहे, रूळ जॉइनरमध्ये (दोन रूळ जोडणाऱ्या खोबणीत) नुसता सरकवलाय, सोल्डर नाही. तो जॉइनर मी “तात्पुरता” म्हणून सोडला होता. सबंध यार्डात नीट टाकलेला जॉइंट तेवढाच निघाला.

दुरुस्ती दोन भागांत केली. फटीत स्टायरीनचा (प्लास्टिकचा) पातळ तुकडा, सुपरग्लूनं बसवून, वाळल्यावर ब्लेडनं आणि मग नेलफाइलनं रुळाच्या आकाराला आणला. हे काम दुपारी करू नका. सकाळी सहाला, फट उघडी असताना करा, नाहीतर तुकडा आत जाणारच नाही. पण नुसता तुकडा घालून भागत नाही. रूळ पसरायचा तो पसरणारच. फट अडवली तर कुठेतरी कमरेतून वाकेल. म्हणून दुसरा भाग: यार्डात मध्ये दोन ठिकाणी सोल्डर काढून जॉइनर मोकळे केले आणि त्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर दिला. फीडर बारीक मल्टिस्ट्रँड वायरचा, खाली एक वेटोळं सोडून, म्हणजे रूळ सरकला तरी ताण येत नाही. सोल्डर काढताना २५ वॉटच्या साध्या सोल्डरिंग आयर्ननं प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, दोन गमावले. टेंपरेचर कंट्रोलवालं सोल्डरिंग स्टेशन घ्यायला मी तीन वर्षं उशीर केला. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी पुढचं इंजिन थांबवावं आणि आधी हे घ्यावं.

काल दुपारी तीन दहाला, ४२ अंशांत, झेडबी तीन डबे घेऊन लूपमध्ये शिरली. नंतर पुन्हा. काका बसले होते, त्यांनी अकरा फेऱ्या मोजल्या. एकही बीप नाही.

आता हे लिहिता लिहिता डोक्यात आलंय की चांदोद शाखेचा आराखडा बदलावा. ठरलं होतं की चांदोदचा सगळा भाग एकाच लांब बोर्डवर करायचा, नर्मदेच्या घाटापर्यंत अखंड. पण पश्चिमेच्या बोर्ड-जॉइंटनं जर एकदाही त्रास दिला नाही, तर मुद्दाम चार-चार फुटांचे तीन बोर्ड का करू नयेत? प्रत्येक जॉइंट ही पसरायची हक्काची जागा, आणि लग्नकार्याला खोली लागली तर बोर्ड उभे करून ठेवता येतील. म्हणजे मागच्या महिन्यात कापून आणलेलं प्लाय पुन्हा कापावं लागेल. हरकत नाही. अजून त्यावर रूळ नाहीत.

आणखी एक. काकांशी बोलल्यापासून मला जॉइंट लपवायचेच नाहीत. आतापर्यंत ते बॅलास्टखाली (खडीखाली) दडवत होतो. नॅरोगेजचा रूळ म्हणजे दर काही फुटांवर फिशप्लेट आणि गाडीची खडखड; लहानपणी आजीबरोबर चांदोदला जाताना मी ती खडखड मोजायचो. १८६२ साली खंडेराव गायकवाडांनी डभोई-मियागाम लाइन टाकली तेव्हा रूळ इतके हलके होते की इंजिनं झेपेनात आणि डबे बैलांनी ओढले. पुढे वजनदार रूळ टाकल्यावर इंजिनं रीतसर धावू लागली. डभोई-चांदोद तर आता ब्रॉडगेज झाली, २०२१ च्या जानेवारीपासून गाडी पुढे केवडियापर्यंत जाते. तिथे आता ऐकू न येणारी ती खडखड माझ्या खोलीत तरी यावी. मोकळ्या जॉइंटवरून झेडबी जाताना काल पहिल्यांदा आली, अगदी बारीक, टिक-टिक, टिक-टिक. काटो कंपनीच्या चेसिसवरचं माझं डिझेल इंजिन, झेडडीएम-५, ती तर त्याहून छान वाजते, तिचं वजन जास्त.

थोडक्यात बाकीचं. स्टेशनची पाटी झाली! पिवळ्यावर काळी अक्षरं, गुजराती, हिंदी, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत “डभोई”. १:८७ ला अक्षराची उंची साडेतीन मिमी आली. डेकल (चिकटवायची छापील अक्षरं) छापून बघितले, कडा धूसर. शेवटी मंगळ बाजारातून नेल-आर्टचा सर्वांत बारीक ब्रश आणला, तीन-चार केसांचा, आणि हातानं लिहिलं. गुजराती “ભ” मला सात वेळा खोडावा लागला, कारण त्याचा पोटातला वळसा भरून जातो. आठव्यांदा रंग जरा पातळ केला, श्वास रोखला, आणि तो उघडा राहिला. खांब म्हणजे सुया, बुडाशी गेरूचा ठिपका.

जमिनीसाठी डभोईच्या बाजूचीच काळी माती आणली आहे. चाळून, तव्यावर भाजून, मग पाणी घातलेला फेव्हिकॉल आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. त्यावर चहाचा वाळवलेला चोथा विरळ भुरभुरला की शेताच्या बांधासारखं दिसतं. चोथा आई वाळवून ठेवते, डब्यावर तिनं “रेल्वे” असं लिहिलंय. परदेशातल्या एका दुकानाचं तयार टर्फ (मॉडेलसाठीचं नकली गवत) मागवलं होतं, ते दोन महिने अडकलं, ड्यूटी भरून हातात आलं, आणि रंग निघाला हिरवळीच्या डोंगराचा. आपल्या मेच्या शेताला ते चालणार नाही. ज्यांना पावसाळी लेआउट करायचाय त्यांनी सांगा, तसंच्या तसं देईन.

पावसाळ्याआधी एक मोजणी बाकी आहे. प्लाय दमट हवेत फुगतं, तेव्हा फटी उलट्या दिशेनं उघडतील की काय, हे बघायचंय. सगळ्या मोकळ्या जॉइंटांवर पेन्सिलीनं आकडे घातलेत आणि वहीत रकाने आखलेत. फीलर गेज परत करायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, दिवाळीपर्यंत ठेव. तर आता रोज सकाळी सात आणि दुपारी तीन, वाचन भाची घेणार. तिची शाळा उघडली की दुपारचं काका.