चित्रावर चालणारी पीपीटी: लोणारच्या तासाचं उदाहरण

शाळांमधल्या पुष्कळ पीपीटींमध्ये चित्र कोपऱ्यात असतं आणि उरलेल्या जागेत धडा उतरवलेला असतो. मग तोच मजकूर वर्गात वाचून दाखवला जातो. मुलं वाचायला लागली की त्यांचं ऐकणं सुटतं, ऐकायला लागली की वाचणं अर्धवट राहतं, आणि या ओढाताणीत चित्राकडे कोणाचंच लक्ष जात नाही. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर बरीच वर्षं प्रयोग केले. चित्र दाखवून तोंडाने समजावलं, तर तेच शब्द पडद्यावरही लिहिण्यापेक्षा मुलांना सहसा जास्त कळतं, हा त्यातला एक ठळक निष्कर्ष. म्हणून पडदा चित्रासाठी मोकळा ठेवावा आणि धडा आपण बोलावा.

चित्र निवडताना माझी कसोटी एकच. या चित्राकडे बघूनच उत्तर सापडेल असा एक प्रश्न मला विचारता येतो का? येत नसेल तर चित्र कितीही देखणं असलं तरी ते काढून टाकायचं. ३५ मिनिटांच्या तासाला अशी सात-आठ चित्रं पुरतात. वीस चित्रं असली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड-पावणेदोन मिनिटं येतात. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलाची मान सरळ होईपर्यंत चित्र पालटलेलं असतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरावरचा, म्हणजे उल्कापाताने झालेल्या विवरातल्या तळ्यावरचा, तास घेऊ.

पहिली स्लाइड म्हणजे विवराचं वरून दिसणारं चित्र. नाव नाही, शीर्षक नाही. "हे काय असेल?" एवढंच विचारायचं आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. तळं, खाण, धरण, ज्वालामुखी अशी उत्तरं येतात. ती सगळी फळ्यावर लिहून घ्यायची, कारण पुढचा सगळा तास त्यातली एकेक खोडण्यात जाणार आहे. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये लोणार शोधलं की बहुधा तिरकं दृश्य येतं. 'आर' दाबलं की कॅमेरा सरळ खाली बघतो आणि उत्तर दिशा वर येते. 'व्ह्यू' मेनूतली 'स्केल लेजंड' चालू करा म्हणजे अंतराची पट्टी दिसेल. चित्रावरची गूगलची श्रेयओळ कापू नका, ती ठेवण्याची अट असते.

दुसरी स्लाइड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तुमच्या शाळेच्या गावाचं वरून दिसणारं चित्र घ्या. पट्टीवरचं अंतर लोणारच्या चित्राइतकंच येईपर्यंत झूम जुळवा आणि दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावा. मग गावाच्या चित्रावर विवराएवढं पिवळं वर्तुळ काढा, आत रंग न भरता, रेघ ४ पॉइंट जाड. शाळा, एसटी स्टँड, बाजार, नदीचा पूल असं काय काय त्या वर्तुळात मावतं ते मुलं स्वतः सांगतात. आकडा त्यानंतर बोला.

इथेच एक नेहमीची चूक होते. चित्र जागेत बसवायला बाजूच्या ठिपक्याने ओढलं की ते ताणलं जातं. एरवी माणसं जाडी दिसतात एवढंच, पण इथे गोल विवर अंडाकृती होतं, आणि त्याचं गोलपणच तर आपल्याला दाखवायचं असतं. चित्र नेहमी कोपऱ्याच्या ठिपक्याने लहान-मोठं करा आणि जागेत बसत नसेल तर 'क्रॉप' वापरा. प्रोजेक्टर जुना, ४:३ चा असेल तर १६:९ च्या स्लाइडला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या येऊ द्या, त्या घालवायला प्रोजेक्टरच्या मेनूत चित्र ताणू नका.

तिसरं चित्र काठावरून आत बघताना दिसणारं. काठापासून पाण्यापर्यंत साधारण १३७ मीटर खोली आहे, पण चित्रात एखादा माणूस किंवा मंदिराचं शिखर नसेल तर डोळ्याला खोली कळत नाही. असं काही मोजमाप असलेलाच फोटो निवडा. फोटो तुम्ही स्वतः काढणार असाल तर मोबाइल आडवा धरा. नेहमीच्या ४:३ फोटोची रुंदी ठेवून तो १६:९ मध्ये कापला की उंचीचा चौथा हिस्सा जातो, तेव्हा वर-खाली थोडी जागा सोडून काढा.

चौथं आणि पाचवं चित्र एकाच प्रश्नासाठी: हा ज्वालामुखी का नाही? लोणारला बरीच वर्षं ज्वालामुखीचं विवर समजत होते, त्यामुळे मुलांना तसं वाटणं अगदी रास्त आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. चौथ्या चित्रात काठावरचे बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या खडकाचे, थर दाखवायचे. ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, म्हणजे आतून जबरदस्त धक्का बसून ते उचलले गेले. थराच्या दिशेने एकच जाड बाण काढा. पाचवं चित्र अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या मीटिअर क्रेटरचं. त्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर, आणि तेही उल्कापाताचं. त्याच पट्टीने जुळवून ते लोणारशेजारी ठेवा आणि सारखं काय, वेगळं काय, ते मुलांकडून काढून घ्या. बेसॉल्टमध्ये मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली, ती प्रचंड दाबाच्या धक्क्याशिवाय तयार होत नाही, हे मात्र तोंडानेच सांगा. ते फोटोत दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी स्लाइड करू नये.

सहावी स्लाइड २०२० च्या मे आणि जूनमधल्या उपग्रहचित्रांची, एकात पाणी हिरवट आणि दुसऱ्यात गुलाबी. दोन्ही चित्रं एकाच मापाने कापलेली हवीत, नाहीतर मुलं रंगाऐवजी आकारातला फरक शोधत बसतात. मुलांचे अंदाज ऐकल्यावरच कारण सांगा: खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं.

शेवटी पहिलंच चित्र पुन्हा, आणि फळ्यावरच्या यादीतलं काय उरलं ते बघायचं. लोणारचं दैत्यसूदन मंदिर, लवणासुराची कथा हे सगळं याच तासात घालायचा मोह होतो, कारण फोटो फार सुंदर मिळतात. पण मंदिराच्या तासाला स्वतःचे प्रश्न असतात. इथे ते आलं की मुलं विवर विसरतात.

आता अक्षरांविषयी. चित्रावर नावं लिहायचीच तर दोन-तीन शब्दांची, आणि त्या-त्या जागेला चिकटून लिहा. बाजूला १, २, ३ अशी सूची केली की डोळे येरझाऱ्या घालतात. आकार किमान २८ पॉइंट. फोटोवर पांढरं अक्षर कुठे उठतं, कुठे बुडतं, म्हणून अक्षरामागे काळी पट्टी ठेवून तिची पारदर्शकता ४० टक्के करा. हिरव्या झाडीवर लाल बाण नको, लाल-हिरवा फरक न कळणारं मूल वर्गात असू शकतं. पिवळा चालतो.

फॉन्ट युनिकोडच हवा: मुक्त, नोटो सान्स देवनागरी, निर्मला यूआय. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर निरर्थक चिन्हं होऊन बसतं. ओळींमधलं अंतर १.२ च्या खाली आणू नका, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते.

शेवटच्या बाकावरून दिसेल का, हे घरीच तपासता येतं. समजा वर्गातला पडदा ६ फूट रुंद आणि शेवटचा बाक २४ फुटांवर, म्हणजे रुंदीच्या चौपट. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण साडेतेरा इंच रुंद असतो. त्याच्या चौपट म्हणजे साडेचार फूट. लॅपटॉप टेबलावर ठेवा, साडेचार फूट मागे उभे राहा आणि वाचा. जे वाचता येणार नाही ते वर्गातही दिसणार नाही. खिडक्यांना पडदे नसलेल्या वर्गात गडद फोटो आणखी फिके पडतात, तेव्हा असे फोटो 'ब्राइटनेस' २० टक्क्यांनी वाढवून घ्या.

चित्र मिळवताना गूगलच्या शोधपानावरचं छोटं चित्र सेव्ह करू नका. मूळ पानावर जाऊन मोठं घ्या, १९२० पिक्सेल रुंद असलं की पुरतं. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. विकिमीडिया कॉमन्सवर परवाना स्पष्ट लिहिलेला असतो, छायाचित्रकाराचं नाव स्लाइडच्या तळाशी १२ पॉइंटमध्ये द्या. मोबाइलचे फोटो थेट घातले तर फाइल सहज ८० एमबीच्या घरात जाते आणि जुना कॉम्प्युटर अडखळतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये १५० पीपीआय निवडा.

प्रोजेक्टर पांढऱ्या फळ्यावर पडत असेल तर त्याचा फार सुंदर उपयोग होतो. पडलेल्या चित्रावरच मार्करने विवराचा काठ आणि पाण्याची कड गिरवून घ्या, मग 'बी' दाबा. पडदा काळा होतो, रेघा फळ्यावर उरतात आणि मुलांना वहीत काढायची आकृती तयार असते. पुन्हा 'बी' दाबलं की चित्र परत.

स्मार्ट टीव्हीवर दाखवायचं असेल तर स्लाइड्स जेपीजी करून पेन ड्राइव्हवर घ्या. काही टीव्ही १ नंतर १० दाखवतात आणि २ मागे पडतो. दहा किंवा जास्त स्लाइड्स असतील तर फाइलींना ०१, ०२ अशी नावं द्या. आणि पहिल्या चित्राच्या फाइलचं नाव 'लोणार' ठेवू नका, टीव्हीवर ते खाली झळकतं आणि पहिला प्रश्न तिथेच संपतो.