०.२ वर अडकलेली खोली

३० जुलैला सकाळी साडेसातला मालीमहून मालकांचा फोन आला. रात्रभर मशीन चालू आहे, पण कोल्ड रूम ०.२ अंशाच्या खाली जात नाही. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. दोन दिवसांनी ट्रॉलर बाहेर पडणार होते आणि नवी कोल्ड रूम त्याआधी उणे १८ ला यायला हवी होती. मी फोंड्याहून भर पावसात निघाले. जेटीवर पोचले तेव्हा ताडपत्रीखाली जाळी शिवायचं काम चाललं होतं आणि मालक दारातच उभे होते.

आमचं काम तापमान मोजण्याचं, थंडावा करण्याचं नाही. स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० सेन्सर नऊ बाइट देतो. पहिल्या दोन बाइटांत तापमान असतं, एका अंशाचे सोळा भाग करून, आणि शेवटचा बाइट पडताळणीचा. त्या बाइटांचे अंश करणं, दार किती वेळ उघडं राहिलं ते मोजणं, भोंगा कधी वाजवायचा ते ठरवणं हे सगळं एका वेबअसेंब्ली मॉड्यूलमध्ये आहे. ते आम्ही लिहिलेलं नाही. एका पुरवठादाराकडून घेतलंय, सोर्स कोडशिवाय.

वेबअसेंब्ली जन्मली ब्राउझरसाठी, २०१९ च्या डिसेंबरात वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने तिला अधिकृत मानक केलं, पण ती चालवायला ब्राउझर लागतोच असं नाही. ती म्हणजे कुठल्याच खऱ्या प्रोसेसरचा नसलेला बाइटकोड, म्हणजे बाइटांत लिहिलेल्या सूचना. आमच्याकडे एका ठिकाणी ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर आहे, मालीमला जुना ३२-बिट आर्म बोर्ड, ऑफिसात लॅपटॉप, आणि फाइल तिन्हीकडे तीच. मालीमच्या बोर्डावर पायथन स्क्रिप्ट चालते आणि तिला वाझम३ हा इंटरप्रिटर, म्हणजे बाइटकोडच्या सूचना एकेक करून चालवणारा प्रोग्रॅम, जोडलेला आहे. वेबअसेंब्ली चालवणाऱ्या मोठ्या रनटाइमचं तयार पॅकेज त्या बोर्डासाठी मिळालं नव्हतं, हा मात्र बोर्डावरच विनातक्रार कंपाइल झाला. सी भाषेत लिहिलेला, साधारण ६४ केबी कोड आणि १० केबी रॅममध्ये मावणारा. पायथनकडून मॉड्यूल लोड करायचं, नऊ बाइट त्याच्या मेमरीत ठेवायचे, फंक्शन शोधून त्याला पत्ता द्यायचा. पंधरा-वीस ओळींत सगळं होतं. इतकं नेटकं काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

कोल्ड रूमचे मेकॅनिक काका मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांनी मला थेट कॉम्प्रेसरकडे नेलं आणि सक्शन पाइपवर हात ठेवला. "बाय, गॅस कमी असतो तर बर्फ हयसर पावलो नसतो." मग खिशातला डायल थर्मामीटर खोलीत नेऊन दाखवला. काटा उणे १४ च्या आसपास होता.

मी त्या काट्यावर विश्वास ठेवला नाही. डायल जुना होता, काच धुरकट होती. मी लॅपटॉप उघडला, रात्रीचे कच्चे बाइट बोर्डावरून घेतले आणि तीन ठिकाणी तेच मॉड्यूल चालवलं: बोर्डावर वाझम३ मध्ये, लॅपटॉपवर वाझम३ मध्ये आणि ब्राउझरमध्ये. तिन्हीकडे शेवटचा आकडा ०.२. मी मालकांना सांगितलं की सॉफ्टवेअर बरोबर आहे. मालकांनी काकांना मशीन बंद करून गॅस तपासायला लावलं. काका काही बोलले नाहीत. गेज लावायला घेतलं.

ऑफिसात बसलेल्या आमच्या ज्युनिअर मुलीचा तोवर दोनदा मेसेज आला होता: "ताई, ग्राफ एकदम सरळ रेघ आहे." मी तिला "नंतर बघू" म्हटलं. खरं तर खोलीचा आलेख कधीच सरळ रेघ नसतो. दार उघडतं, पंखे थांबतात, डीफ्रॉस्ट होतो, काही ना काही हलतं. साडेपाच तास ०.१८७५, एकदाही न ढळता. हे मी तिला शिकवलेलं, आणि त्या दिवशी तिनेच ते आधी पाहिलं.

साडेअकराला, दुसरं काही सुचेना म्हणून, मी लिनक्सची स्वतःची सेन्सर फाइल उघडली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तेच नऊ बाइट वाचून स्वतः अंश काढतो. पहिले दोन बाइट, हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले, होते २२ आणि एफएफ. त्याखालच्या ओळीत टी बरोबर उणे १३८७५, म्हणजे उणे १३.८७५ अंश. काकांचा काटा बरोबर होता.

माझा पहिला संशय वाझम३ वर गेला, आणि तो अन्याय होता. त्याचा मुख्य सांभाळकर्ता युक्रेनचा. युद्धात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्याने प्रकल्प किमान देखभालीवर ठेवल्याचं जाहीर केलं होतं, म्हणून मला वाटलं काहीतरी दुरुस्त व्हायचं राहिलं असेल. उणे १३.८७५ चे सोळा पट म्हणजे उणे २२२; तो आत पाठवून तसाच परत आणणारं चार ओळींचं मॉड्यूल करून पाहिलं. उणे २२२ च परत आला. शिवाय ब्राउझरही तेच चुकीचं उत्तर देत होता, हे तर मी सकाळीच पाहिलं होतं.

मग पुरवठादाराचं मॉड्यूल वाझम-टू-वॅटने, म्हणजे बाइटकोडचा वाचता येणारा मजकूर करणाऱ्या साधनाने, उलगडलं. वेबअसेंब्लीत आय३२ या प्रकाराला चिन्ह नसतं. ते नुसते ३२ बिट. उणे की अधिक हे प्रत्येक सूचना आपापलं ठरवते. मेमरीतून दोन बाइट उचलणाऱ्या सूचना दोन आहेत: आय३२.लोड१६_एस चिन्ह राखते, आय३२.लोड१६_यू राखत नाही. तापमान वाचायच्या जागी यू होतं. त्यामुळे २२ एफएफ चे झाले ६५३१४, सोळाने भागून ४०८२.१२५ अंश. पुढे एक गाळणी होती: १२५ च्या वरचं काहीही म्हणजे सेन्सरची चूक, मागचा चांगला आकडा पुन्हा दाखव. शून्याखालचं प्रत्येक माप ही गाळणी गुपचूप फेकून देत होती. आमच्या आधीच्या जागा सगळ्या शून्याच्या वरच्या, ताजी मासळी ठेवायच्या. तिथे हे कधीच दिसणार नव्हतं. आणि बाइटकोड तिन्ही यंत्रांवर एकसारखा चालतो म्हणून चूकही तिन्ही यंत्रांवर दशांशापर्यंत एकसारखी आली. मी त्या एकसारखेपणालाच पुरावा मानलं.

लोड१६_यू चा ऑपकोड, म्हणजे फाइलमधला सूचनेचा बाइट, २एफ, लोड१६_एस चा २ई. फाइलमध्ये २एफ बरेच होते, कारण तिरप्या रेघेचा आस्की कोड, म्हणजे मजकुरातल्या त्या खुणेचा बाइट, हाही तोच आणि मजकुरात तारखांचे साचे होते. मी "२एफ ०१ ००" असा तीन बाइटांचा क्रम शोधला: सूचना, तिचं अलाइनमेंट, ऑफसेट. एकच सापडला. फाइलचे बाइट थेट बदलू देणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये एफ चा ई केला. दोन्ही सूचनांचा प्रकार एकच असल्याने पडताळणीत काही अडलं नाही. स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. मशीन बंद ठेवल्याने खोली थोडी चढली होती, स्क्रीनवर उणे ११.५ आलं. डायलवरही तेच.

काकांचे अडीच तास आणि जोडताना उडालेला थोडा गॅस माझ्यामुळे गेला. मी सगळ्यांसमोर तसं सांगितलं. मालकांनी "चालायचंच" म्हटलं, काकांनी मशीन सुरू करून सक्शनवर पुन्हा हात ठेवला. ३१ च्या दुपारी खोली उणे १८ ला आली.

पुरवठादाराला त्याच संध्याकाळी बाइटच्या जागेसकट कळवलं. उत्तर आलं की करारानुसार मॉड्यूलमध्ये बदल करायची परवानगी नाही. चुकीबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं. करार मलाही माहीत होता. पण दुसऱ्याच्या मालाने भरलेली खोली खोट्या आकड्यावर सोडायची, की ज्याची सही मी करू शकत नाही असा बाइट तिथे चालू ठेवायचा? मी दुसरं केलं, नऊ दिवस. रोज रात्री बोर्डावर लॉगिन करून कर्नलचा आकडा आणि मॉड्यूलचा आकडा शेजारी ठेवून पाहत होते. ते बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहाव्या दिवशी नवं मॉड्यूल आलं. लोड करण्याआधी मी ते हेक्स एडिटरमध्ये उघडलं आणि शोधलं: २ई ०१ ००.