624 आवाज, 13 फेडर: 'आय एम नॉट इन लव्ह' कसं बनलं

10सीसी या ब्रिटिश बँडचं 'आय एम नॉट इन लव्ह' लावलं की मागे एक धूसर 'आऽऽ' भरून राहतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो सिंथेसायझर वाटतो, नाहीतर चांगला पन्नास-साठ जणांचा कोरस. प्रत्यक्षात ते तीनच गळे आहेत. गाणं 1975 चं, म्हणजे कॉम्प्युटरवर कॉपी-पेस्ट करायची सोय नव्हती. जे काही केलं ते टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी वापरून.

शब्दांमागची गोष्ट छोटी आहे. चौघांच्या या बँडमधल्या एरिक स्टुअर्टच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. माझ्यावर प्रेम आहे असं तू हल्ली म्हणत का नाहीस, असं बायकोने विचारलं. सारखं म्हणत राहिलं तर त्यातला अर्थच जाईल, असं त्याचं मत. मग हे न म्हणता म्हणायचं कसं, तर उलटं बोलून. गाण्यातला माणूस ठणकावून सांगतो की मी प्रेमात वगैरे नाही. तुझा फोटो भिंतीवर आहे तो फक्त मागचा डाग झाकायला!

बँडमधल्याच ग्रॅहम गोल्डमनबरोबर बसून स्टुअर्टने चाल पुरी केली आणि स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ती चक्क बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीताच्या ठेक्यावर रेकॉर्ड झाली. केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम या उरलेल्या दोघांना ती अजिबात आवडली नाही. टेप पुसून टाकली. पण स्टुडिओतली माणसं कामं करता करता तीच चाल गुणगुणताना स्टुअर्टला ऐकू येत राहिली, म्हणून विषय पुन्हा निघाला. तेव्हा गॉडलीने सुचवलं की वाद्यं बाजूला ठेवू, सगळं गाणं आवाजांवर उभं करू.

आता अडचण श्वासाची. माणूस एक सूर किती वेळ धरणार? त्या काळी मेलोट्रॉन नावाचं वाद्य होतं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली रेकॉर्ड केलेल्या टेपचा तुकडा असे, पण तोही सुमारे आठ सेकंदांत संपायचा. क्रीमने तोडगा काढला तो टेप लूपचा. टेपची दोन टोकं जोडून कडं केलं की सूर हवा तितका वेळ फिरत राहतो.

काम असं चाललं. गॉडली, क्रीम आणि गोल्डमन एकत्र उभे राहून एकच सूर 'आ'कारात धरत आणि तोच सूर 16 वेळा गात. 16 गुणिले तीन म्हणजे एका सुराला 48 आवाज. ते मिसळून स्टिरिओ टेपवर उतरवायचे. मग पुढचा सूर, अर्ध्या पायरीने वर. पेटीवर सा पासून वरच्या सा पर्यंत मधल्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून 13 सूर होतात. 48 गुणिले 13, झाले 624. प्रत्येकाच्या वाट्याला 208 वेळा 'आ' आला. या सगळ्यात तीन आठवडे गेले आणि कंट्रोल रूममध्ये टेप सांभाळत बसला होता स्टुअर्ट.

लूप सुमारे 12 फूट लांब होते. इतके लांब का, तर जोडाच्या जागी बारीक 'टक्' येतो. टेप सेकंदाला 15 इंच धावते असं धरलं तर 12 फुटांच्या लूपमध्ये तो साडेनऊ सेकंदांनी एकदा येईल आणि बाकीच्या आवाजांत बुडून जाईल. लूप फूटभराचा असता तर सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा टकटक झाली असती. एवढी लांब टेप मशीनवर मावत नाही. म्हणून माइकच्या स्टँडच्या टोकाला एक रोलर बसवला, स्टँड लांब नेऊन ठेवला आणि टेप त्याच्याभोवती ताणून फिरवली. ताण कमी पडला की टेप लडखडते आणि सूर हलतो. जास्त झाला की मशीनला ओढ बसते. स्टँड दोन इंच इकडे की तिकडे, यावर सगळं अवलंबून.

मग एकेक लूप 16 ट्रॅकच्या मशीनवर, म्हणजे एकाच टेपवर 16 आवाज वेगवेगळे ठेवणाऱ्या मशीनवर, गाण्याच्या लांबीइतका उतरवला. 13 ट्रॅक सुरांनीच खाल्ले. यानंतरची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते: चौघेही मिक्सिंग डेस्कवर बसले, प्रत्येकाच्या हाती तीन-चार फेडर, म्हणजे एकेका ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, आणि कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलेल तसे ते वर-खाली करत गेले. डेस्कच वाद्य झालं. शिवाय फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावली होती, म्हणजे कुठलाही सूर पूर्ण बंद होऊ नये. त्यामुळे न लागणारे सूरही गाणंभर अगदी हलके चालू राहतात. गाण्यावर जे धुकं जाणवतं ते बरंचसं यातून आलंय; निव्वळ कॉर्डचे सूर ठेवले असते तर ते चर्चमधल्या कोरससारखं स्वच्छ आणि थोडं कंटाळवाणं झालं असतं.

वाद्यं मोजकीच आहेत. स्टुअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची गिटार, आणि बास ड्रमसारखी जी धडधड ऐकू येते ती गॉडलीने 'मूग' नावाच्या सिंथेसायझरवर काढलेली. मधे एक बाई कुजबुजते, मोठी मुलं रडत नसतात. क्रीम पियानोच्या माइकमध्ये असंच काहीतरी पुटपुटला होता. त्या वाक्याला योग्य आवाज शोधत असताना स्टुडिओची सेक्रेटरी कॅथी रेडफर्न दार उघडून हळूच म्हणाली की एरिक, तुझा फोन आलाय. आवाज सापडला!

रेकॉर्ड कंपनीने आधी दुसरंच गाणं सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, म्हणून काढलं. सहा मिनिटांचं संथ गाणं रेडिओवर कोण लावणार, ही धास्ती असणारच. जून 1975 मध्ये हे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं आणि गंमत म्हणजे तिन्ही आठवड्यांत वरचं गाणं वेगळं होतं.

घरी लॅपटॉपवर करून बघणाऱ्यांची हमखास चूक एकच: एक 'आ' रेकॉर्ड करून 16 वेळा कॉपी करणं. त्याने आवाज फक्त मोठा होतो, कारण ध्वनिलहर तीच असते. कोरसचा भरणा येतो तो प्रत्येक वेळी सूर आणि वेळ केसभर चुकल्यामुळे, म्हणून 16 वेळा खरंच गायलं पाहिजे. तानपुरा हेडफोनमध्ये ठेवा, खडा सूर लावा, मींड नको, आंदोलन नको. सुरुवातीचा आघात आणि शेवटचा श्वास कापून मधलेच आठ-दहा सेकंद घ्या. जोडावर अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड द्या (एक टोक विरत जातं तसं दुसरं वर येतं) आणि सगळे लूप एकाच क्षणी सुरू करू नका, नाहीतर सगळे जोड एकत्र येऊन दर फेरीला हिसका बसेल. आणि फेडर पूर्ण तळाला नेऊ नका. उणे 35-40 डेसिबलच्या आसपास सोडून द्या.